देवमासा, शंभर मीटरांवरून

मे महिन्यात श्रीलंकेला देवमासे बघायला जायचे ठरले, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो ऋतूवरून. मुलीने पुण्याहून पाठवलेल्या सगळ्या माहितीत दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्सा या गावाचे नाव होते, आणि नाशिकमध्ये ज्या प्रवासी कंपनीत आम्ही चौकशी केली, तिथल्या मुलानेही तेच नाव घेत आमच्यापुढे रंगीत पत्रक सरकवले. २९ वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यामुळे मला ते पटेना. मिरिस्साचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे लंकेच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर येऊन थडकतात, समुद्र खवळतो आणि तिथल्या बऱ्याच बोटी बंद होतात. त्याच दिवसांत बेटाच्या मधल्या डोंगरांच्या आडोशाला असलेला पूर्व किनारा मात्र कोरडा आणि शांत असतो. इगतपुरीत धो धो कोसळणारा पाऊस सिन्नर-येवल्याला पोहोचेपर्यंत कसा आटतो हे ज्याने बघितले आहे, त्याला हे नकाशा न उघडताही समजावे. मिरिस्सा रद्द झाले आणि पूर्व किनाऱ्यावरचे त्रिंकोमाली ठरले.

त्रिंकोमाली निवडण्याचे दुसरे कारण समुद्राच्या तळाशी होते. तिथले नैसर्गिक बंदर जगातल्या खोल बंदरांमध्ये गणले जाते आणि त्याच्या तोंडापासूनच समुद्रतळावर एक प्रचंड घळ सुरू होते, जी पुढे तीन हजार मीटरपेक्षा अधिक खोल जाते. खोल पाणी किनाऱ्याच्या इतके जवळ असल्यामुळे निळा देवमासा आणि स्पर्म व्हेल हे दोन्ही खोल पाण्यातले प्राणी इथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर दिसतात. दुसरीकडचे बरेच निळे देवमासे अन्नासाठी थंड ध्रुवीय समुद्राकडे लांबलांबचा प्रवास करतात. लंकेभोवतालचे मात्र वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात. त्यांचे हे वेगळेपण जगापुढे आणण्यात आशा डी व्होस या श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. हे देवमासे खातात काय, तर आपण ज्याला जवळा म्हणतो, तसली इवलीशी कोळंबी. आठवडी बाजारात सुकटवालीपुढे जो ढीग असतो, त्यातल्या दाण्याएवढ्या जीवांवर जगातला सर्वांत मोठा प्राणी पोसला जातो, हे वर्गात सांगितले की मुले हसत असत. तीच मुले उत्तरपत्रिकेत देवमाशाच्या डोक्यावर बागेतले कारंजे काढत, आणि मी लाल शाईने दरवर्षी लिहीत असे, की तो पाण्याचा फवारा नसून उच्छ्वासातली वाफ आहे आणि देवमासा हा मासा नाही. एवढे सगळे शिकवूनही मी स्वतः कधी तो बघितलेला नव्हता.

जाण्याची तयारी सांगण्यासारखी फार नाही. व्हिसाचा अर्ज घरबसल्या भरता आला. मुंबईहून कोलंबोचे विमान जेमतेम अडीच तासांचे आहे आणि तिथले घड्याळ आपल्याच वेळेवर चालत असल्यामुळे तेही मागेपुढे करावे लागत नाही. खरा लांबचा टप्पा कोलंबो ते त्रिंकोमाली हा सुमारे २६० किलोमीटरचा रस्ता होता, ज्यात दंबुल्ला आणि हबराना मागे टाकता टाकता सहा तास गेले. माझ्या पिशवीत आलेपाकाचा डबा, मारी बिस्किटे आणि अवोमीनच्या गोळ्या होत्या, कारण आमच्या यजमानांना कसारा घाटातही गाडी लागते.

पोहोचलो त्या संध्याकाळी कोणेश्वराच्या देवळात गेलो. हे देऊळ स्वामी रॉक नावाच्या उभ्या कड्यावर आहे. पोर्तुगीजांनी ते १६२२ साली पाडले आणि सध्याचे देऊळ विसाव्या शतकात उभे राहिले. कड्यात एक उभी फट आहे, ती रावणाच्या तलवारीने पडली असे तिथले लोक मानतात, आणि जवळच हात जोडलेल्या रावणाची मूर्ती आहे. आम्ही पंचवटीचे, सीतागुंफेपासून चालत दहा मिनिटांवर राहणारे. आमचे हे मूर्तीकडे बघत म्हणाले, "आमच्या गावातून सीतामाईंना याने फुकटात आणले, आम्ही मात्र तिकीट काढून आलो." मी त्या कड्यावरून समोरच्या पाण्याकडे बघत राहिले. तो बंगालचा उपसागर होता. आमच्या घराजवळून वाहणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून याच समुद्राला मिळते, हे मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिले होते, पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाच्या इतके जवळ कधी उभी राहिले नव्हते.

आता पहिल्या दिवसाची फजिती. निवासस्थानातूनच एका दलालामार्फत आम्ही पहाटेची फेरी ठरवली. "देवमासा शंभर टक्के दिसणार, शिवाय परतताना पिजन आयलंडचा किनारा," असे त्याने सांगितले होते. शंभर टक्क्यांची खात्री देणाऱ्यापासून चार हात दूर राहावे, एवढे शहाणपण या वयात यायला हवे होते. बोटीत बारा माणसे बसवली आणि जीवरक्षक जाकिटे निघाली नऊ. नावाडी सगळा वेळ मोबाइलवर दुसऱ्या बोटींशी बोलत होता. पाऊण तासाने दूरवर एक फवारा उडाला मात्र, चारी दिशांनी सहा बोटी इंजिनाचा आवाज करीत तिकडे धावल्या. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर जी रेटारेटी होते, तशीच ती होती, फरक एवढाच की इथे मध्यभागी एक जिवंत प्राणी होता आणि त्याला बाजूला व्हायला वाट उरलेली नव्हती. तो दोनदा पाठ वर काढून, पुरते श्वासही न घेता खाली गेला. तो पुन्हा वर येईल त्या अंदाजाने बोटी गरगर फिरत राहिल्या, डिझेलचा धूर सगळीकडे साचला आणि आमच्या बोटीतल्या चौघांना बोट लागली. त्या गोंधळात मी जिला आयुष्यभर लाल शाईने खोडत आले, तीच आरोळी माझ्या तोंडून निघाली: "अगं बाई, केवढा मासा!" मुलगी आजतागायत ते विसरू देत नाही. उशीर झाल्याचे कारण सांगून बेटावरचा थांबा वीस मिनिटांचा केला गेला. देवमाशापासून किमान १०० मीटर अंतर राखावे असा श्रीलंकेचा नियम आहे, हे त्या बोटीवर कोणाला ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

परतल्यावर हे म्हणाले, "झाले ना बघून? आता उद्या आराम." मला मात्र बघून झाले असे वाटत नव्हते. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला आम्ही दर हिवाळ्यात जातो. तिथे जो माणूस फ्लेमिंगोच्या थव्यावर धावत जातो, त्याला फक्त उडालेले फ्लेमिंगो दिसतात. सकाळी आम्ही नेमके तेच केले होते.

किनाऱ्यावरच्या चहावाल्याने संध्याकाळी एका तमिळ नावाड्याशी गाठ घालून दिली. तो पस्तिशीचा असेल. वडिलांबरोबर मासेमारी करायचा, आता हंगामात प्रवासी नेतो. पैशांवर मी घासाघीस केली नाही, अटींवर केली: बोटीत आम्ही तिघेच असू, प्रत्येकाला जाकीट हवे, देवमासा दिसला की इंजिन बंद करायचे आणि दुसऱ्या बोटी जमल्या तर आपण निघून यायचे. तो ऐकत राहिला आणि शेवटी तोडक्या इंग्रजीत म्हणाला, "अम्मा, मग कदाचित काहीच दिसणार नाही." हे तो स्वतःहून म्हणाला, म्हणूनच मी त्याला आगाऊ रक्कम दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्रिंकोमालीजवळच्या निलावेली किनाऱ्याच्या वाळूत त्याची फायबरची लांबट होडी उभी होती. अवोमीन आम्ही अर्धा तास आधी घेतली होती. ती निघताना तोंडात टाकून उपयोग नसतो, हे आदल्या दिवशी चौघांच्या उदाहरणावरून कळले होते. नावाडी आणि त्याचा धाकटा भाऊ यांनी लाकडी ओंडक्यांवरून होडी ढकलत पाण्यात नेली, आम्हाला गुडघाभर पाण्यातून आत चढवले आणि मागच्या बाजूला बसायला सांगितले, कारण पुढचे टोक लाटेवर आपटत राहते आणि मागे हेलकावा कमी बसतो. क्षितिजावर नजर ठेवा, मोबाइलमध्ये बघू नका, असेही त्याने बजावले. मी नांदूर मध्यमेश्वरची दुर्बीण गळ्यात अडकवली होती. हलत्या होडीत ती डोळ्याला लावली की अर्ध्या मिनिटात पोटात ढवळते, त्यामुळे तिचा पहिला आणि शेवटचा उपयोग तिथेच संपला.

सूर्य वर आला तेव्हा किनारा एक बारीक हिरवी रेघ झाला होता. आधी दिसले ते स्पिनर डॉल्फिन, पन्नास-साठ तरी असावेत. ते पाण्याबाहेर झेप घेतात आणि हवेतच स्वतःभोवती भिरभिरतात, भोवऱ्याला जाळी दिल्यासारखे. होडीच्या पुढच्या टोकाशी ते इतक्या जवळून पोहत होते, की त्यांच्या श्वासाची फुसफुस ऐकू येत होती. गोळीच्या गुंगीने आमचे हे तेवढ्यात झोपी गेले आणि त्यांनी हा सगळा प्रकार चुकवला. मी उठवले नाही. उठवले असते तर पोटाची तक्रार ऐकावी लागली असती.

पुढचा दीड तास काही झाले नाही. हा काळ लिहिण्यात एका ओळीत संपतो, होडीत मात्र तसा संपत नाही. ऊन पाठीवर चढते, खारे पाणी ओठांवर सुकते, आलेपाकाची एकेक वडी चघळली जाते, आणि प्रत्येक पांढरी लाट फवाऱ्यासारखी दिसू लागते. नावाडी पुढच्या टोकाला दोरी धरून उभा होता. तो पाण्याकडे बघतच नव्हता. पाणी आणि आकाश मिळतात त्या रेषेवरून त्याची नजर सावकाश सरकत होती. देवमासा शोधायचा नसतो, त्याचा श्वास शोधायचा असतो, असे त्याने मुलीला समजावले. मग एकदम हात लांब करून तो म्हणाला, "तिमिंगिलम!"

हा शब्द ऐकून मी क्षणभर समुद्र विसरले. तिमिंगिल हा आपल्याकडे संस्कृतातून आलेला शब्द आहे: तिमी नावाच्या मोठ्या माशालाही जो गिळतो तो तिमिंगिल. आम्ही तो शब्दकोशात ठेवून दिला आणि या माणसाच्या रोजच्या बोलण्यात तो जिवंत आहे.

त्याने दाखवले तिथे मला आधी काहीच दिसेना. मग सुमारे एक किलोमीटरवर धुराचा सरळ उभा खांब उठला आणि वाऱ्याने हळूहळू विरला. स्पर्म व्हेलचा फवारा डाव्या बाजूला तिरका आणि पुढे झुकलेला असतो, हा सरळ होता, म्हणजे निळा. नावाड्याने होडी फवाऱ्याच्या दिशेने नेली नाही. प्राणी ज्या दिशेने चालला होता, ती दिशा धरून तो बाजूबाजूने सावकाश पुढे गेला, अंतर दोनशे मीटरच्या आसपास आल्यावर त्याने वेग आणखी कमी केला आणि मग इंजिन बंद केले.

इंजिन थांबल्यावर होडीच्या अंगाला लागणाऱ्या पाण्याचा चुळचुळ आवाज तेवढा उरला. त्या शांततेत तो श्वास ऐकू आला. फवारा आधी दिसला आणि आवाज क्षणभराने पोहोचला, एस.टी.च्या ब्रेकमधली हवा एकदम सुटावी तसा, पण त्याहून खोल आणि लांबलेला. त्याच्यामागून पाठ वर आली. निळा म्हणतात, पण तो रंग राखाडीकडे झुकलेला, ठिपक्याठिपक्यांचा, पावसाळ्यात ओल्या झालेल्या काळ्या दगडासारखा होता. पाण्याखाली गेल्यावर मात्र तोच भाग फिरोजी उजळत होता. पाठ सरकत राहिली, सरकत राहिली, आणि आता संपली असे वाटल्यावर फार मागे एक छोटासा पर दिसला, एवढ्या देहाला न शोभणारा. थोड्या थोड्या वेळाने त्याने असे सहा श्वास घेतले. मुलगी मोजत होती. सहाव्या वेळी पाठीची कमान आदल्या वेळांपेक्षा उंच झाली, नावाडी हलकेच "आता" म्हणाला, आणि शेपूट वर आले. दोन्ही पाती पाण्याबाहेर आडवी उघडली, कडांवरून पाणी निथळले, आणि ती कसलाही खळखळाट न करता उभी आत गेली. यांना मी तेवढ्यासाठी मात्र हलवून उठवले होते. ते काही बोलले नाहीत, हात आपोआप जोडले गेले होते.

देवमासा गेला तिथे पाण्यावर एक मोठा लंबगोल गुळगुळीत डाग राहिला होता, भोवतीच्या बारीक लाटा त्याच्या कडेशी येऊन थांबत होत्या. शेपटाच्या फटकाऱ्याने खालचे पाणी वर लोटले जाते आणि त्यातून हा डाग पडतो. नावाड्याने मनगटावरचे घड्याळ बघितले आणि इंजिनाला हातही न लावता बसून राहिला. बाराव्या मिनिटाला देवमासा परत वर आला, या वेळी अधिक जवळ, आणि जवळ यायचे त्याने ठरवले होते, आम्ही नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही वीस मिनिटे थांबलो, तो आला नाही. दूरवर दोन बोटी येताना दिसल्या तेव्हा, ठरल्याप्रमाणे, नावाड्याने होडी वळवली.

परतीच्या वाटेवर यांनी त्याला स्पर्म व्हेलच्या अंबराविषयी विचारले, कारण आपल्याकडे वर्तमानपत्रात दर थोड्या महिन्यांनी "व्हेलच्या उलटीची तस्करी, इतके कोटींचा माल जप्त" अशी बातमी असते. त्याचा चेहरा जरा आखडला. तो विषय त्याला नको होता आणि आम्हीही पुढे ताणला नाही.

पिजन आयलंडला दहाच्या सुमारास लागलो. निलावेलीच्या किनाऱ्यापासून हे बेट जेमतेम एक किलोमीटरवर आहे. तिथल्या खडकांवर राहणाऱ्या पारव्यांवरून त्याला हे नाव पडले. १९६३ साली अभयारण्य आणि २००३ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यामुळे तिथे तिकीट काढूनच उतरावे लागते. परदेशी माणसाच्या तिकिटात प्रवेश, सेवा, होडी आणि त्यावर कर असे सगळे मिळून जी रक्कम होते, ती बघून हे म्हणाले, की पारवे तर आपल्या काळाराम मंदिरात फुकट आहेत. बेटाचा किनारा छायाचित्रांत पांढऱ्या वाळूचा दिसतो, प्रत्यक्षात त्यातला बराच भाग प्रवाळाच्या तुटक्या कांड्यांचा आहे आणि अनवाणी पायांना तो बाभळीच्या काट्यांसारखा टोचतो. रबरी चपला न्याव्यात, हे कोणीच सांगत नाही म्हणून मी सांगते.

पाणी मात्र काचेसारखे होते. मला आणि यांना पोहता येत नाही, म्हणून आम्ही कमरेइतक्या पाण्यात वाळूवर उभे राहून भाड्याचा चष्मा लावून तोंड बुडवत होतो, आणि तेवढ्यातही पट्ट्यापट्ट्यांचे, पोपटी, पिवळे मासे पायांमधून जात होते. मुलगी थोडी पुढे गेली आणि पराला काळे टोक असलेला छोटा शार्क बघून आली. हे शार्क माणसाला बघून स्वतःच बाजूला होतात. तिथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. जाकीट घालून तरंगणारी माणसे दमली की सरळ प्रवाळावर उभी राहत होती. उद्यानाचा कर्मचारी शिट्टी वाजवत होता, माणसे दोन मिनिटे उतरत आणि पुन्हा चढत. प्रवाळ दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि त्याची एक फांदी वीतभर वाढायला वर्षे लागतात.

मी दुसऱ्यांविषयी हे लिहिते आहे, पण माझ्याही पिशवीत प्रवाळाचा एक तुकडा होता. बोटाएवढा, पांढरा, मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके असलेला. किनाऱ्यावर मेलेलाच पडला होता आणि शाळेच्या भूगोल कक्षातल्या कपाटात तो फार शोभला असता. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली तरी हात जातोच. होडीत चढण्याआधी नावाड्याने तो माझ्या पिशवीच्या जाळीतून बघितला आणि नुसता म्हणाला, "अम्मा, इथलाच आहे तो." मी मुकाट्याने परत ठेवला. मुलगी समुद्राकडे तोंड करून हसत होती.

घरी आल्यावर चित्रफिती बघितल्या. पहिल्या दिवसाच्या चित्रफितीत पाच बोटी, बरेच हात आणि माझी ती आरोळी आहे. दुसऱ्या दिवसाच्या चार मिनिटांच्या चित्रफितीत जवळजवळ सगळे पाणीच आहे. मधूनच तो श्वासाचा आवाज येतो, आणि क्षितिजाशी नखाएवढी काळी पाठ दिसते. शेजारच्या वहिनींना दाखवली तर त्या म्हणाल्या, "यात कुठे आहे तो?" त्यांच्या सात वर्षांच्या नातवाने अधिक नेमका प्रश्न विचारला: "आजी, पण केवढा होता?"

मी त्याला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. लंकेजवळचे निळे देवमासे वीस-बावीस मीटरपर्यंत असतात, म्हणून आम्ही फाटकापासून मोठी पावले टाकत निघालो. दोन रिक्षा, जोशीकाकांची मोटार, पाण्याच्या टाकीचे झाकण आणि जिन्याचे दार मागे पडले, आणि अठ्ठाविसाव्या पावलाला आम्ही कुंपणाच्या भिंतीला लागलो. तो मागे वळून फाटकाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारले, "एवढा सगळा दिसला तुम्हाला?"

मी सात पावले मोजून त्याला रिक्षापाशी उभे केले. एवढाच दिसला, म्हटले, आणि शेपूट.